मानसिंगचा दुसरा बैल

मानसिंग लढाईवरून परतला तो हातपाय शाबूत घेऊन, पण डोक्यात एक किडा घेऊन. ग्रीसमधल्या एका गावात पलटण असताना तिथल्या म्हाताऱ्या मास्तरानं दुभाष्याकरवी त्याला सांगितलं होतं, की आमचे जुने ज्ञानी लोक मैत्री तीन तऱ्हेची मानत. एक गरजेची, एक मौजेची. गरज सरली, मौज विटली की त्या दोन्ही सुटतात. तिसरी विरळा. तीत माणूस मित्राचं भलं चिंततो ते केवळ मित्रासाठी.

ऐकावं आणि सोडून द्यावं की नाही? पण मानसिंगला लगेच उंब्रजजवळच्या आपल्या गावचा कृष्णात आठवला. दोघांकडं एकेकच बैल, म्हणून त्यांची सावड. दोन्ही बैल एका औताला, आज याचं रान, उद्या त्याचं. मानसिंग पलटणीत असतानाही कृष्णातनं त्याचं रान पडीक पडू दिलं नव्हतं. पण ते माझ्यासाठी, की माझ्या बैलासाठी? या विचारानं मानसिंगला जेवण गोड लागेना.

शेवटी शेहेचाळीस साली, रब्बीच्या तोंडावर, त्यानं दुसरा बैल आणला. आता माझी जोडी झाली, तू मोकळा, असं कृष्णातला सांगून टाकलं. गरज सरली, आता येतो का बघू, असा त्याचा डाव. कृष्णातनं नव्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, जनावर चांगलं आहे म्हणाला आणि घरी गेला. तो पुन्हा फिरकलाच नाही.

मानसिंग पेरत होता, पण नजर सारखी बांधाकडं. मास्तर खरा ठरला म्हणून तो उगाच बैलांवर खेकसू लागला. बायको, बनुबाई, वैतागली. ज्याला तुम्हीच मोकळं केलंत त्याची वाट कसली बघता, म्हणाली.

तसाच उठून तो कृष्णातच्या रानात गेला. कृष्णात आणि त्याची बायको कुदळीनं रान उकरत होती. बैल बांधावर नुसता उभा. एका बैलावर औत चालत नाही, आणि ऐन पेरणीत नवी सावड कोण करणार? गावातल्या जोड्या कधीच ठरलेल्या. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून एवढी गोष्ट मानसिंगच्या ध्यानात आली नव्हती.

तरी त्यानं विचारलंच, "आला का न्हाईस रं?"

कृष्णातनं कुदळ टेकवली. "आलो असतो तर बैल मागाय आला म्हनला असतास. तुजी जोडी झाली, मला लय बरं वाटलं, गड्या. पर माज्या एकल्या बैलाचं काय, ह्ये तुज्या मनात कवा आलं का?"

मानसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस तो कृष्णातला पारखत होता. स्वतःला पारखायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपला जुना बैल कृष्णातच्या रानात आणला. कृष्णातनं जू उचललं. बैल आपणहून डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. मानसिंगला मात्र आपण कुठं उभं राहायचं ते कळेना.