कापलेल्या फोटोतला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय असणार? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

आमच्याकडे कुठे फुटबॉलची स्पर्धा असली की बक्षीस वाटायला मला बोलावतात. शाल, नारळ, 'नामवंत खेळाडू'. सहा वर्षं मी एका सरकारी खात्याच्या टीममध्ये होतो. टीम शेवटच्या गटातली, आणि त्यातही तीन वर्षं मी बाकावर बसून काढली. हे माईकवर कुणी सांगत नाही. पण ते सांगायला मी बसलेलो नाही — पुन्हा भरकटलो.

धनराज. आम्ही दोघं चोपड्याचे. तो दिवसभर ट्रकमध्ये केळीचे घड भरायचा आणि संध्याकाळी खेळायला यायचा. तो फॉरवर्ड, मी बॅक. त्याच्या पायाशी चेंडू आला की पानवाला ठेला सोडून उभा राहायचा. माझ्या पायाशी आला की आमचेच लोक हसायचे. जळत होतो का मी? होतो. आतून राख होईपर्यंत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोंडाईच्याच्या स्पर्धेत एका टीमचे दोन गडी आजारी पडले, म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्ही त्या दोघांच्या नावावर खेळलो. तेव्हा असं सगळेच खेळायचे, त्यात कुणाला पाप वाटत नसे. धनराजने दोन गोल मारले, कप मिळाला. ग्रुप फोटो निघाला आणि रीतीप्रमाणे पुठ्ठ्यावर प्रत्येकाखाली नाव छापून आलं — धनराजच्या खाली 'रमेश', माझ्या खाली 'सुभाष'. आम्ही पोट धरधरून हसलो. दोघांनी एकेक प्रत घरी नेली.

पुढच्या वर्षी खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची एक जागा निघाली. निवड भुसावळला होती. शेवटी आम्ही दोघंच उरलो, आणि जागा कुणाची हे निवड करणाऱ्या साहेबांना, मला, बघ्यांनाही कळत होतं. अट एकच होती — दुसऱ्याच्या नावावर खेळलेला खेळाडू चालणार नाही.

कळतंय ना, मी कुठे चाललोय ते?

फोटोत मी रांगेच्या टोकाला होतो. पट्टी ठेवून, दाढीच्या ब्लेडने मी स्वतःला कापून काढलं. खालचं नावही. उरलेला फोटो पाकिटात घालून साहेबांच्या टपालात सरकवला. इतकी सफाई मला मैदानावर कधी साधली नाही.

एक गोष्ट राहिली. धनराजच्या खांद्यावरचा माझा हात. तो कापायला गेलो असतो तर धनराजच कापला गेला असता. म्हटलं, राहू दे. नुसता हात कोण ओळखणार?

साहेबांनी सगळ्यांसमोर फोटो त्याच्यापुढे धरला. हा तूच का? तो हो म्हणाला. पण बघत राहिला. त्या हाताची करंगळी वाकडी आहे. ती मोडली तेव्हा चिंधी त्यानेच बांधली होती. शेजारी कोण होतं, साहेबांनी विचारलं. आठवत नाही, म्हणाला. मग माझ्याजवळ आला.

"जाऊ दे, भाऊ. आते तू खेय."

आता मी खेळायचं. त्यावर मी काय म्हणालो असेन? "का रे, काय झालं?" — हो, असं विचारलं मी. चेहऱ्यावर काळजी आणून.

मला पगार, क्वार्टर, सगळं मिळालं. तो केळी भरत राहिला. मैदानावर पुन्हा आला नाही.

बारा-तेरा वर्षांनी त्याची आई गेली, तेव्हा भेटायला गेलो. भिंतीवर तो फोटो होता. त्याची प्रत. अख्खी. टोकाला मी, दात काढून हसणारा, खाली छापलेलं सुभाष. ही प्रत त्या दिवशी साहेबांपुढे ठेवली असती, तर माझाही निकाल तिथेच लागला असता. दुसरी प्रत आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या आलं नसेल?

"हाऊ तुम्हीच ना, भाऊ?" त्याच्या बायकोने कौतुकाने विचारलं.

मी हो म्हणालो. धनराजने वर न बघता माझ्यापुढे चहा सरकवला. मी तो प्यालो.