पिशवी साफ केल्यानंतर

शिरड शहापूरची साधना ब्लाऊज शिवते. वीस वर्षांत तिच्या हातचं एकही ब्लाऊज तक्रार घेऊन परत आलं नाही. नवरा रत्नपाल शाळेत शिपाई, लेक सृष्टी बारावीला.

यंदा तिची पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबेना. हिंगोलीच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गर्भाची पिशवी साफ केली आणि आतला तुकडा तपासणीला पाठवला. "किरकोळ आहे, संध्याकाळी घरी जा," असं त्या म्हणाल्या.

आठ दिवस झाले तरी ओटीपोटातली कळ जाईना. मशीनवर पाय मारला की कंबरेत चमक निघे. अंगावरून तांबूस पाणी जातच होतं, त्याला वास यायला लागला. दुपारी कणकण येई. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिनं त्या तिसऱ्याच दिवशी सोडल्या होत्या. घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं.

शेजारच्या रुक्माबाई माप द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तपासणीला पाठवलं? माझ्या नणंदेचं बी असंच झालतं, बाई. चार महिन्यांत गेली."

त्यानंतर दोनच दिवसांनी दवाखान्याचा फोन आला. साधना पडद्यावरचं दवाखान्याचं नाव बघत राहिली. वाजून वाजून फोन थांबला. तिनं तो बंद केला आणि कापडांच्या गठ्ठ्याखाली सारला. रत्नपालला सांगितलं, बिघडला.

मग ती सृष्टीला बाही कापायला शिकवू लागली. रेशनकार्ड कुठं, पासबुक कुठं, पप्पांची बीपीची गोळी कोणत्या डब्यात, सगळं दाखवलं.

"आई, काहून हे दाखवून राहिली? तू कुठं चालली का?"

साधनानं कात्री खाली ठेवली. "दवाखान्यातून फोन आलता. मी उचलला न्हाई," ती म्हणाली. सृष्टीनं तिच्या हाताला हात लावला. हात तापला होता.

सृष्टीनं रात्रीच पप्पांना सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी रत्नपालनं सुट्टी टाकली. एसटीत तो एकदाच बोलला, "तू मला सांगायचं व्हतं की." डॉक्टरीणबाई रिपोर्ट उघडत होत्या तेव्हा साधनानं त्याची बाही घट्ट धरली.

"कॅन्सर नाही. हेच सांगायला फोन केला होता. पण आत जंतुसंसर्ग झालाय. गोळ्या पूर्ण घेतल्या?"

"न्हाई. मळमळायचं म्हणून तिसऱ्या दिवशीच सोडल्या," साधना म्हणाली.

"ताप, वास, दुखणं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी यायचं असतं, ताई. आणखी थांबला असतात तर अ‍ॅडमिट करावं लागलं असतं."

सोनोग्राफी झाली, इंजेक्शन झालं, चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. ह्या वेळी सृष्टी समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कळ जायला मात्र दोन आठवडे लागले.

पुढच्या महिन्यात पाळी आली. साधना न्हाणीत बराच वेळ भिंतीला टेकून उभी होती. मग तिनं दार किलकिलं केलं.

"अहो, जरा इकडं या. मला भेव वाटून राहिलं."