सगळ्यात हळू जहाज

समुद्र जन्मात एकदाही न पाहता समुद्रावर सगळ्यात जास्त वेळा बुडालेला माणूस बघायचा असेल, तर कोकणात जायची गरज नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याला यावं आणि कुणालाही केळीच्या बागेतलं घर विचारावं. तिथे आमचे साडू राहतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. साठीला टेकलेले, केळी आणि हळद पिकवणारे, चार माणसांत मान असलेले गृहस्थ. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे इसापूरचं धरण. तिथेही सगळे भजी खात होते तेव्हा हे काठावर उभे राहून वारा कुठून येतो ते बघत होते आणि शत्रू आलाच तर कुठल्या बाजूने येईल, ते मला समजावून सांगत होते. माझी भजी तोवर गार झाली. मी स्वभावाने उतावळा माणूस आहे, वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही, आणि साडूंच्या सहवासात माझं निम्मं आयुष्य वाट बघण्यात गेलं.

हे खूळ घरात आलं ते मुलाच्या कॉम्प्युटरमधून. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, कॉम्प्युटर मागे राहिला आणि एका दुपारी साडूंना त्यात युद्धनौकांचा खेळ सापडला. इंटरनेटवर जगभरची माणसं आपापलं जहाज घेऊन येतात, गट करतात आणि सगळे मिळून शत्रूच्या ताफ्याशी लढतात. साडूंनी पहिल्या दिवशी एक अवाढव्य युद्धनौका निवडली आणि मग कधी बदललीच नाही. ती वळायला एवढा वेळ घेते की तेवढ्यात बैलगाडी वळवून, बैल सोडून, पाणी पाजून होईल. दुपारी गडीमाणसं भाकरी खाऊन लिंबाखाली आडवी झाली की साडू कानाला हेडफोन लावून समुद्रावर जायचे. लढाईआधी गटातल्या प्रत्येकाला ‘जेवण झालं का’ असं लिहून विचारल्याशिवाय ते नांगर उचलत नसत. उपाशी माणसाला लढाईला न्यायचं नाही, असं त्यांचं मत. कुठल्या कुठल्या देशांतली ती माणसं आधी बुचकळ्यात पडायची, पण एक जण पुढे पुढे ‘झालं’ असं उत्तर द्यायला शिकला. अक्कांचं दुःख वेगळंच होतं. त्या म्हणायच्या, यांचं जहाज बुडाल्याशिवाय हे ताटावर येत नाहीत, म्हणून मी देवाला रोज सांगते की यांना लवकर बुडव.

खेळाबरोबर वाचन आलं आणि वाचनाबरोबर वाद. दुसऱ्या महायुद्धातल्या आरमारांवर साडू इतकं वाचू लागले की त्यांच्या बोलण्यातून शेतीसुद्धा समुद्रात गेली. रानडुक्कर म्हणजे पाणबुडी, असा त्यांचा सिद्धांत होता. तिच्यामागे धावायचं नाही, तिला जे हवं आहे तिथे दबा धरून बसायचं. ते उसाच्या फडापाशी दबा धरून बसले आणि डुकरांनी मागच्या मागे भुईमूग उकरला. साडू म्हणाले, शत्रूनं मार्ग बदलला, याला युद्धशास्त्र म्हणतात. अक्का म्हणाल्या, याला भुईमूग गेला म्हणतात.

या वादांत त्यांच्या तोडीचा माणूस पंचक्रोशीत एकच होता. आखाडा बाळापूरचे कापडवाले भाईजान. तीन पिढ्यांचं कापडदुकान, मेंदी लावलेली दाढी, बोलणं मऊ आणि मत लोखंडी. खेळातही दोघं एका गटात. भाईजानचं जहाज म्हणजे चपळ, लहान विनाशिका, धुराचा पडदा सोडत भिरभिरणारी. ते पुढे जाऊन शत्रू हुडकायचे आणि साडू मागून सावकाश येऊन तोफा डागायचे. बाजाराच्या दिवशी मात्र दुकानाच्या गादीवर दोघांचं युद्ध एकमेकांशी चालायचं. त्यांचा कायमचा विषय म्हणजे उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातला व्यापारी जहाजांचा एक ताफा. शत्रूची मोठी जहाजं निघाल्याची शंका आली, म्हणून राखणीच्या जहाजांना माघारी बोलावलं आणि ताफ्याला हुकूम गेला, पांगा. एकटी पडलेली जहाजं मग एकेक करून बुडाली. भाईजान म्हणत, हुकूम बराबर होता, तेव्हा हाती असलेल्या खबरीवर दुसरा हुकूम देताच आला नसता. साडू म्हणत, ताफा कधीच सोडायचा नसतो, सगळ्यात हळू जहाजाचा जो वेग, तोच ताफ्याचा वेग. गादीवर दोऱ्याची रिळं जहाजांसारखी मांडलेली असत आणि अर्धवट मोजलेलं कापड हातात धरून गिऱ्हाइकं खोळंबलेली असत. एकदा एका म्हातारीने, लेकराबाळांचं सामान घेऊन निघालेल्याला कोणी वाटेत सोडतं का, असं विचारून साडूंच्या बाजूने निकाल दिला. साडूंनी त्या दिवशी तिच्या लुगड्याची पिशवी स्वतः स्टँडपर्यंत पोचवली.

मागच्या उन्हाळ्यात साडूंच्या पुतण्याचं लग्न निघालं. नवरीकडचं गाव जवळा बाजार. वऱ्हाड न्यायची कामगिरी साडूंकडे आली आणि त्यांनी वऱ्हाडाचा ताफा केला. नियम आदल्या दिवशीच सांगितले गेले. कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ताफा जसा वायरलेस बंद ठेवतो, तसे सगळ्यांनी फोन बंद ठेवायचे. आणि वाटेत अडचण आलीच, तर ताफा मार्ग बदलेल. लग्नाच्या वऱ्हाडाला शत्रू कोण, हे मी विचारलं. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी फोन बंद करून टाकला.

सगळ्यात हळू जहाज होतं साडूंच्या थोरल्या बहिणीची जुनी जीप. या आत्याने नवरदेवाला आईमागे लहानाचं मोठं केलेलं. बंद मोटारीत तिला मळमळतं, म्हणून ती आपल्या उघड्या जीपमध्येच बसली. ऊन असं की एका ओढ्याच्या पुलावर जीपचं इंजिन तापून बंद पडलं. साडूंनी हात वर केला आणि सगळा ताफा थांबला. मुहूर्त आमच्याकडे तसा कोणी मनावर घेत नाही, पण नवरीच्या बापाने तो घेतलेला होता. इंजिन गार होईना. शेवटी, आपली गाडी घेऊन वऱ्हाडात आलेले भाईजान खाली उतरले, त्यांनी फुलं लावलेल्या गाडीतून नवरदेवाला हाताला धरून बाहेर काढलं, आपल्या गाडीत बसवलं आणि ते निघून गेले. उपाशी पोटी मलाही त्या गाडीत उडी मारावीशी वाटली, पण बायकोने माझा शर्ट धरून ठेवला होता. साडू रस्त्याकडे बघत नुसते उभे राहिले.

जीप चालू झाल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे मार्ग बदलला आणि ताफा आतल्या रस्त्याने, खड्ड्याखड्ड्यांतून नेला. आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून पंगती उठत होत्या. आत्याच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. पदराच्या टोकाला त्या बांधून ती कोपऱ्यात बसली. आणि भाईजान मंडपात कुठे दिसेनात. बऱ्याच वेळाने ते घामाघूम होऊन आले, तेव्हा साडूंनी सगळ्यांदेखत त्यांना पळपुटा म्हटलं. भाईजाननी एकदा आत्याकडे बघितलं आणि न जेवता ते निघून गेले.

त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. गादीवरची रिळं कपाटात गेली. साडू अनोळखी गटांत खेळायचे, पण पुढे जाऊन शत्रू हुडकणारं कोणी नसल्यामुळे पहिल्या फटक्यात बुडायचे आणि वेळेवर जेवायला यायचे. अक्कांना त्याचा आनंद झाला नाही. पावसाळा सरता सरता साडूंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा परत आली, पाय थोडा ओढत का होईना चालू लागला, पण उजव्या हाताची बोटं वळेनात. हात हलता ठेवा, नाहीतर तो असाच राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साडू कशालाच हात लावेनात. कॉम्प्युटरवर अक्कांनी झालर लावलेलं कापड टाकलं. मी दर रविवारी हिंगोलीहून जायचो आणि तो गप्प बसलेला माणूस बघून परत यायचो. त्यांचा वाद मला नको नको व्हायचा, पण तो नाही म्हटल्यावर घरात बसवत नसे.

हळद शिजवायला काढली त्या सुमारास, एका रविवारी मी तिथे असताना, दारात भाईजानची गाडी थांबली. ते लॅपटॉप काखोटीला मारून आत आले, अक्कांना सलाम केला, कापड उचलून कॉम्प्युटर चालू केला आणि समोरच्या बाजेवर बसून म्हणाले, “जहाज काढा.”

साडूंनी मान फिरवली. भाईजान थांबून राहिले. चहा आला, गार झाला. मला अगदी राहवेना, पण अक्कांनी मला डोळ्यांनी दाबलं. शेवटी साडूंनी उजवा हात डाव्या हाताने उचलून माउसवर ठेवला. समोरची खिडकी दिसते तशी मला ती लढाई अजून दिसते. साडूंची नौका जागच्या जागी गोल फिरत होती. शत्रूचे गोळे पडत होते. भाईजानची विनाशिका कुठल्या कुठे जाऊ शकली असती, पण ती वेग तोडून त्या गोल फिरणाऱ्या जहाजाच्या बाजूला येऊन राहिली आणि त्याच्यापुढे धुराचा पडदा सोडत राहिली.

“काहून थांबून राहिले?” साडूंनी विचारलं. कित्येक महिन्यांनी ते भाईजानशी बोलत होते. “तुमच्या हिशोबानं पांगायचा हुकूम बराबर होता न्हवं?”

“बराबरच होता. आजबी तेच म्हणतो,” भाईजान पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “पर त्या ताफ्यात तुमी न्हवते.”

साडूंनी माउस थोडा सरकवून बघितला. मग म्हणाले, “माझी बहीण तर व्हती. तिला पुलावर सोडलं तुमी.”

“नवरदेव पोचवला अन् तसाच माघारी फिरलो तिला आणायला. काचा खाली करून आणलं असतं, काही तकलीफ झाली नसती. पुलावर आलो तर कोणीच न्हाई. फोन लावला, तुमचा बंद. सगळ्याचेच बंद.”

साडूंनी माझ्याकडे बघितलं, मी अक्कांकडे, आणि अक्का तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसायला की रडायला, मला कळलं नाही. तेवढ्यात दोन्ही जहाजं बुडाली. दोघांपैकी कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. साडू एवढंच म्हणाले, “मार्ग बदलायला नव्हता पायजे,” आणि वळत नसलेली ती बोटं त्यांनी भाईजानच्या गुडघ्यावर ठेवली.

आता त्यांची दुपार पुन्हा समुद्रावर जाते. दोन बोटं वळतात, तिसरी वळायच्या बेतात आहे. वाद तर दुपटीने चालू आहे. भाईजान जेवण सोडून गेले होते, त्याची भरपाई म्हणून अक्कांनी त्यांना आणि नव्या जोडप्याला एकदम जेवायला बोलावलं. आत्याने पदराला बांधून ठेवलेल्या अक्षता त्या दिवशी जोडप्याच्या डोक्यावर टाकल्या.

आणि या उन्हाळ्यात समुद्र बघायला जायचं ठरलं आहे. भाईजानची गाडी, माझी गाडी, आणि आत्या म्हणते तिलाही यायचंय, म्हणजे ती जीपही. फोन चालू ठेवायचे, एवढी एकच अट भाईजाननी घातली. परवा साडूंबरोबर केळीच्या बागेतून फिरत होतो. ते पाय ओढत, दर चार झाडांमागे थांबत चालले होते. माझा पाय सवयीने पुढे जायचा, आणि मग मीच मागे यायचो. समुद्रापर्यंत पोचायला आपल्याला किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं. लागेल तेवढा लागेल, असं मी म्हणालो. हे माझ्या तोंडून निघालं, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. साडू हसले आणि पुढच्या झाडाला हात टेकून थांबले, म्हणून मीही थांबलो.