अब्बांनी सलीमला दाखवलेल्या जागा

महाडकरांनो, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

आतेभाऊ सलीम गोव्याहून आला होता. उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं शेवाळ बघून मासे कुठे वाढतात, याचे नकाशे तो कॉम्प्युटरवर बनवतो. आमची सावित्रीची खाडी अरुंद, ती उपग्रहाला नीट दिसत नाही, म्हणून त्याने अब्बांना विचारलं.

तुडील गावाजवळ जिताडा माशाची पिल्लं कुठे असतात, ते अब्बांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. मी लहानपणापासून त्यांच्या होडीत बसतोय, मला एकही जागा सांगितली नाही.

सलीम गेल्यावर विचारलंच. अब्बा म्हणाले, "त्याला तिथली मासेमारी बंद करायची हाय. तू जाळंच टाकलं असतंस."

टाकलं असतं, खोटं कशाला बोलू. पण बापाने पोरावर थोडा आंधळा विश्वास ठेवला तर काय बिघडतं, तुम्हीच सांगा.