तीन गुणांचा फरक

हे मी घरात कधी बोललेली नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला सांगते — आता पोटात राहत नाही म्हणून.

विरारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. चांगलं शिकवते. हे म्हणायला मी लाजत नाही — फुलपाड्यात भाजी घेताना जुने विद्यार्थी थांबून पाया पडतात, ते काय उगाच?

अकरावीच्या दोन तुकड्या. एक माझी, एक फ्रान्सिस सरांची. सर वसईचे, केळीच्या वाडीवाले. वर्गात चक्क केळ्यांच्या फण्या आणि वजनकाटा घेऊन यायचे — दोन फण्यांची सरासरी सारखीच, पण एकीत सगळी केळी एकसारखी, दुसरीत लहानमोठी, हे मुलांच्या हातात देऊन दाखवायचे. तास संपला की मुलं केळी खायची. मला तो पोरखेळ वाटायचा.

वार्षिक परीक्षेत माझ्या तुकडीची सरासरी चौसष्ट आली, त्यांची एकसष्ट. प्राचार्यांनी भर सभेत माझं नाव घेतलं. काय सांगू — अंगावर मूठभर मांस चढलं!

घरी येऊन मी प्रमाण विचलन काढलं. सवयच ती. दोन्हीकडे चौदा. म्हणजे एकेका तुकडीत मुलंच चौदा-चौदा गुणांनी वरखाली, आणि आमच्या टाळ्या तीन गुणांसाठी. मुलांची वाटणी जरा वेगळी झाली असती, तरी एवढा फरक सहज पडला असता. नुसत्या सरासऱ्या शेजारी ठेवून निकाल लावू नका, हे दर वर्षी फळ्यावर कोण लिहितं? मीच.

मी गप्प बसले. एवढंच असतं तर —

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, माझं काय चुकतंय, जरा सांगाल?" आणि मी सांगितलं. चांगलं ऐसपैस! केळी बंद करा, गणितं सोडवून घ्या, माझ्या नोट्स वापरा. ते मान डोलावत ऐकत होते आणि मला — खरं सांगते — फार छान वाटत होतं.

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मला ठाऊक होतं.

आता सर माझ्याच नोट्स वाचून दाखवतात. त्यांच्या वर्गातून आवाज येत नाही. परवा सभेत प्राचार्य म्हणाले, दोन्ही तुकड्या आता अगदी सारख्या वाटतात, श्रेय मॅडमचं. मी मान ताठ ठेवून उभी राहिले. सर्वांत आधी टाळ्या सरांनी वाजवल्या.