गेजच्या पेटीतली खंडेनवमी

कारभारी पिशोरचा, मी कन्नडचा. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो मापं तपासायचा, मी लेथवर. मुकुंदवाडीत एकाच खोलीत राहायचो. माणूस लई नेटका, अन् त्याहून नेटकी त्याची गेजची पेटी. गेज म्हंजी गुळगुळीत पोलादी चिपा. कारखान्यातल्या साऱ्या मापांची खातरी त्यांच्यावरून व्हायची.

दोन चिपा पुसून तो एकमेकींवर सरकवायचा. ना गोंद, ना स्क्रू, तरी वरची उचलली की खालची लटकत यायची.

"आरं, जादू हाय का काय ही?"

"जादू कशाची! इतक्या जवळ आल्या की एकीचे अणू दुसरीच्या अणूंना ओढतात. मधी धुळीचा कण जरी आला, तरी ओढ संपली."

खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशीनींना हळदकुंकू वाहिलं. कारभारीनं पेटीला बाहेरूनच बोट लावलं, बस्स. मला बघवेना. साऱ्या कारखान्याचं माप राखायचं ह्यांनी, अन् ह्यांचीच पूजा नाय? तो जेवायला गेला, चावी टेबलावर राहिली. मी पेटी उघडून एकेका चिपेला ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं. अक्कल चरायला गेली होती माझी!

दसऱ्याच्या सुट्टीत चिपांवर गंज चढला. एक चिप दुसरीला धरेना. "पेटी कुणी उघडली?" साहेब कडाडले. कारभारी त्याच महिन्यात पर्मनंट व्हायचा होता, अन् तेवढ्यावरच त्याची सोयरीक ठरली होती. मला हे सगळं माहीत होतं, तरी तोंडून ब्र निघाला नाय.

कारभारी म्हणाला, "चावी माझ्याकडं होती, साहेब. चूक बी माझीच."

पर्मनंट व्हायला दोन वर्षं गेली. पोरीकडचे कुठवर थांबतील? सोयरीक मोडली. मी त्याच खोलीत त्याच्या हातचा चहा प्यायचो, अन् मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परवा तो रिटायर झाला. निरोपाचा पेढा हातात घेतला अन् मला राहवेना. सगळ्यांसमोर रडतच बोललो, "कारभारी, ते हळदकुंकू मी लावलं होतं रे."

"ठावं हाय," तो म्हणाला. "तुझी नखं पिवळी होती तवा."

"आरं, मग साहेबाला सांगितलं का नाय?"

"गावाकडं तुझं पोर आठ दिवसांचं होतं, बन्सी. माझं लग्न थांबलं तरी चाललं असतं. तुझी नोकरी घालवून त्याचं दूध कसं थांबवणार?"

शेजारी त्याची बायको, दगडाबाई, पदरानं डोळे पुसत होती.

"अन् ती सोयरीक मोडली नसती, तर मी कुठं असते, भाऊजी? खावा तो पेढा."