बंबकाका टाइप करतायत

बंब्या,

हे पत्र मी कागदावर लिहितेय आणि पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे. म्हणजे तू ते उघडलंस की नाही, उघडून किती वेळ बघत बसलास, हे कुणालाही दिसणार नाही. तुझी एवढी सोय केलीय, तर आता निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

तुला बंब म्हणायला लागले ते तू बॉयलरवर होतास म्हणून. कापड रंगवायच्या कारखान्यात चौतीस वर्षं तू एका तबकडीसमोर खुर्ची टाकून बसलास. वाफेचा दाब बघायचा, काचनळीतलं पाणी बघायचं, दर तासाला वहीत नोंद करायची. तुझ्या वस्तादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, काटा जागेवर असेल तर हात खिशात. तू ते इतकं मनावर घेतलंस की घरी आल्यावरही हात बाहेर काढले नाहीस. तुझी बायको म्हणायची, "ताई, जेवण आवडलं की नाही हे मला यांचं ताट बघून ओळखावं लागतं." ती गेल्यावर मीच तुला मोबाइल घेऊन दिला आणि घरच्या ग्रुपवर घातलं. एकोणीस माणसं. म्हटलं, या निमित्तानं तरी तोंड उघडेल. काय पण माझी अक्कल!

तीन महिन्यांनी आले तर तू जेवणाच्या टेबलाशी बसलेला, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा, आणि शेजारी वही. रेघा मारून रकाने पाडलेले. एकात लेक, एकात धाकटा भाऊ, एकात मी. कोण किती वाजता ऑनलाइन दिसलं, किती वाजता गेलं.

"माझ्यावर पाळत ठेवतोस?"

"पाळत कसली, ताई. नोंद ठेवतो." मग जरा थांबून म्हणालास, "काल दीडपासून साडेचारपर्यंत तू दिसली नाहीस."

"झोपले होते. मेले असते तर काय करणार होतास?"

"म्हणून तर बघतो."

मला हसू आलं. मी पडले फटकळ, म्हणाले, "अरे, तू ऑनलाइन असलास की तेही सगळ्यांना दिसतं." तुझा चेहरा पार उतरला. परक्याच्या खिडकीत डोकावताना पकडला गेल्यासारखा.

"म्हणजे मी बघतोय हे त्यांना कळतं?"

"सगळेच सगळ्यांना बघतात!"

"पण ते बोलतात ना. मी नुसताच बघतो."

तेव्हापासून तू इंटरनेट दोन मिनिटं चालू करायचास, वाचायचास, बंद करायचास. बंद केलं की जीव टांगणीला, आता काय झालं असेल? की पुन्हा चालू. दिवसातून चाळीस वेळा. ग्रुप सोडावा म्हणालास, पण सोडला की तुझ्या नावासकट तसं लिहून येतं हे कळल्यावर तेही राहिलं.

आणि मग ग्रुपवर तुझ्या पोरीचा मेसेज आला.

तिच्या पहिल्या लग्नाच्या वेळी तो मुलगा तुला पटला नव्हता. हे तू मला सांगितलंस, तिला नाही. ती समजली, बाबा गप्प आहेत म्हणजे पसंत आहे. सहा वर्षं भोगलं तिनं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी चष्म्याच्या दुकानातला तो शांत माणूस तिला भेटला. तुला तो आवडला होता. म्हणालास, "ताई, तिचं बोलणं पुरं होईपर्यंत तो थांबतो." एवढं एक वाक्य तिला लिहायला काय धाड भरली होती?

तिनं लिहिलं होतं, "बाबा, बारा तारखेला आम्ही रजिस्टर लग्न करतोय. मागच्या वेळी तुमच्या गप्प बसण्याचा मी मला हवा तसा अर्थ लावला. या वेळी शब्द हवा. हो की नाही, एवढंच. इथेच, सगळ्यांसमोर."

तू लिहायला बसलास. बाकीच्या अठरा मोबाइलवर अक्षरं उमटली, बंबकाका टाइप करतायत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धाकट्याच्या मुलानं लिहिलं, "वाफ धरतेय!" दुसऱ्यानं विचारलं, "शिट्टी कधी होणार?" मग हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. पोरांच्या मनात काही नव्हतं. पण तू सगळं पुसलंस आणि मला फोन केलास.

"ताई, नुसता अंगठा पाठवला तर चालेल?"

"लेकीच्या लग्नाला अंगठा? अंगठाबहाद्दर आहेस का तू? चार शब्द लिही नीट!"

बंब्या, हे मला कबूल केलंच पाहिजे. तो अंगठा गेला असता तर पोरीनं तोही उराशी धरला असता. तो मी अडवला. वर शहाणपणा करून ग्रुपवर मीच लिहिलं, "तो खूश आहे गं." तिचं लगेच उत्तर आलं, "आत्या, तू नको. बाबांना बोलू दे."

बारा तारखेपर्यंत ती वाट बघत होती तुझ्या शब्दाची, आणि तू वाट बघत होतास तिच्या बोलावण्याची. मी गेले. सही करताना तिनं एकदा दाराकडे बघितलं. तू घरी बसून एकसष्ट फोटो बोटांनी मोठे करकरून पाहिलेस. संध्याकाळी मला विचारलंस, "तिच्या डोळ्याखाली काळं दिसतंय, झोपली नव्हती का?"

"तिलाच विचार."

"आता कसं विचारू? तारीख गेली."

महिन्याभरानं तू आपणहून म्हणालास, "गुरुवारी तिला अर्धी सुट्टी असते. तिच्या घरी जाऊ. बोलेन मीच, तू फक्त बेल वाजव." मी ठरल्या वेळेला बसथांब्यावर आले. तू इस्त्रीचा शर्ट घालून आधीच उभा होतास. बस आली. तू मोबाइल बघितलास.

"ती आत्ता ऑनलाइन आहे. कामात असेल. पुढच्या बसनं जाऊ."

पुढची आली.

"आता ऑफलाइन गेली. झोपली असेल."

"म्हणजे जागी असली तरी नाही आणि झोपली तरी नाही! मग जायचं कधी?"

मी तुला तिथेच थांब्यावर सोडून तरातरा घरी निघून आले. मागे वळूनही पाहिलं नाही. अजून एखाद्या बसपर्यंत थांबायला मला कुणी नको म्हटलं होतं?

त्याला आता पाच गुरुवार झाले. चल म्हणून तू विचारलं नाहीस, आणि मीही म्हटलं नाही.

— ताई